वाघोबासमोर ब्रेक नाही

प्रफुलने गाडीची चावी वडिलांच्या हातात दिली खरी, पण देताना क्षणभर ती धरूनच ठेवली. नागपूरला नोकरी करणाऱ्या या मुलाने पांढरी गाडी घेतली होती, आणि ती सावली गावी आईवडिलांकडे ठेवायची की परत न्यायची, याचा निकाल आज लागणार होता. ब्रह्मपुरीला दिव्यानीकडे, म्हणजे प्रफुलच्या बहिणीकडे जायचं होतं. वडिलांनी, म्हणजे भैयाजींनी गाडी चालवायची आणि प्रफुलने मागे बसून बघायचं, असं ठरलं होतं.

एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाची परीक्षा त्याच्याच पोराने घ्यावी, याचा भैयाजींना राग आला नव्हता असं नाही. पण तो त्यांनी गिळला, कारण त्यांना ही गाडी फार हवी होती. आयुष्यभर त्यांनी अख्ख्या मुलुखाला इकडून तिकडे नेलं, पण रंभाबाईंना कधी शेजारी बसवून चार कोस नेलं नव्हतं. एसटीत ड्रायव्हरच्या शेजारी बायकोसाठी सीट नसते, आणि चालकाशी बोलू नये अशी पाटी मात्र असते. रिटायर झाल्यावर खूप फिरू, असं म्हणता म्हणता उजव्या गुडघ्याने संप पुकारला.

त्यावरचा इलाज प्रफुलनेच काढला होता.

"बाबा, याला क्रूझ कंट्रोल म्हणतात. साठचा स्पीड आला की हे बटन दाबायचं. मग एक्सलेटरवरून पाय काढला तरी गाडी साठनेच जाते."

"पाय काढल्यावर बी?" भैयाजींचा गुडघा ऐकूनच हलका झाला.

"हो. पण पाय ब्रेकजवळच ठेवायचा. ब्रेकला नुसता टच केला की हे बंद होते. रोड सरळ, कोरडा आणि मोकळा असला तरच लावायचं. गाव आलं, वळण आलं, ढोरं दिसली, तर नाही. आणि जंगल लागलं की बंद म्हणजे बंद!"

"मले जंगल नोको शिकवू. तू पाळण्यात होता तवापासून मी या रोडनं गाडी नेऊन राह्यलो."

"अवो, पोरगा सांगून राह्यला ते आयका ना," रंभाबाई म्हणाल्या. नवी साडी नेसून, सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरून त्या पुढे बसल्या होत्या. "ब्रेक मारला का बंद. माह्याबी ध्यानात राह्यलं."

गाव मागे पडलं, सरळ रस्ता लागला. भैयाजींनी साठवर बटन दाबलं आणि पाय उचलला. गाडी आपली जातच राहिली. वर्षानुवर्षं कुरकुरणारा गुडघा गप्प झाला आणि भैयाजींना कंठ फुटला. कोणत्या पुलावर टायर फुटला होता, कोणत्या फाट्यावर एका म्हातारीने कोंबडीचं तिकीट काढायला नकार दिला होता, सगळं ते सांगत सुटले. रंभाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या हसण्याच्या नादात दोन्ही बाजूंना साग कधी सुरू झाला, हे भैयाजींना काय, मागे बसलेल्या परीक्षकालाही कळलंच नाही.

आणि समोर वाघोबा आला.

रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगडी वाघ होता. तिथे भैयाजींचा एक नेम होता. वाघोबासमोर ब्रेक मारायचा नाही. नुसता पाय उचलायचा, गाडी आपोआप हळू होते, तेवढ्यात मान झुकवायची, एकदा हॉर्न वाजवायचा आणि पुढे जायचं. तिथे ब्रेक मारणं म्हणजे वाघोबाचा अपमान, असं त्यांनी आजवर प्रत्येक कंडक्टरला बजावलं होतं.

भैयाजींनी सवयीने पाय उचलायला घेतला. पाय आधीच उचललेला होता.

"अरे! हे हळू काऊन नाई होऊन राह्यली?"

"बाबा, ब्रेक!" मागून प्रफुल ओरडला.

"वाघोबासमोर ब्रेक मारत नाईत!"

त्यांनी घाईघाईने बटन चाचपलं, ते नेमकं वेग वाढवायचं निघालं. बासष्ट. चौसष्ट. वाघोबा डावीकडून झर्रकन मागे गेला. मान झुकवायची राहिली, हॉर्न राहिला. दगड नजरेआड झाल्यावरच भैयाजींनी ब्रेकला पाय लावला आणि गाडी गुमान हळू झाली.

"असा बेअदबीनं मी कवाच गेलो नाई. गाडी वापस घेतो."

"बाबा, दिव्यानी वाट पाहत असेल!"

पण गाडी वळली. या खेपेला भैयाजी सावध होते. त्यांनी लांबूनच पाय उचलला, वेग पन्नासच्या खाली उतरला, सगळं रीतसर चाललं होतं. मान झुकवून त्यांनी हॉर्नवर पंजा दाबला, आणि एसटीच्या स्टिअरिंगवर वाढलेला त्यांचा जाड अंगठा शेजारच्या बटनावर पडला. मघाचा वेग पुन्हा आणणारं ते बटन. गाडीने आज्ञा पाळली आणि भैयाजी झुकवलेल्या मानेनिशी वाघोबासमोरून पुन्हा पळाले.

"ब्रेक मारा ना बाबा! काऊन आयकत नाई तुमी!" घाबरल्यावर प्रफुलची नागपूरची शुद्ध भाषा गळून पडली.

गाडी थांबली. मग प्रफुलने हात पुढे केला. "चावी द्या. बाबा, राग मानू नका, पण तुम्हाला आईला घेऊन एकटं कसं जाऊ देऊ मी? समोर ढोर असतं तर?"

भैयाजींनी चावी काढून दिली. वाद घातला नाही, कारण पोराचं खरं होतं. नव्या साडीतल्या रंभाबाईंकडे मात्र त्यांना बघवेना.

"पायी जाऊन माफी मांगून येतो. मंग तूच चालव," ते म्हणाले आणि लंगडत निघाले. मागोमाग रंभाबाई आणि प्रफुलही निघाले.

मोहाखाली बकऱ्या राखत बसलेल्या कोलूने हे सगळं पाहिलं होतं. भैयाजींच्याच वयाचा हा गडी त्यांना एसटीच्या लाल गाडीपासून ओळखत होता.

"भैयाजीभाऊ, आज इकडून पळाले, तिकडून पळाले, काऊन?"

"ब्रेक न मारायचा नेम आहे ना त्यांचा," प्रफुल वैतागून म्हणाला. "इथली पद्धतच आहे म्हणे."

"कोन म्हन्ते?" कोलूने डोळे बारीक केले. "समदे जीपवाले इथीच ब्रेक मारतेत, उतरून नारळ ठेवतेत. पाय उचलून जाणारी एकच गाडी, ह्या भाऊची."

प्रफुलने वडिलांकडे बघितलं. वडील वाघोबाकडे बघू लागले.

"तवा त्याईचं धानाचं वावर होतं ना, हे समोरची बांधी, सडकेच्या पल्याड," कोलू निवांतपणे सांगू लागला. "हे बाई चिखलात रोवणा लावत राह्याची. आता ब्रेक मारून गाडी उभी केली, तर कंडक्टर पुसन, का इथी कोनता स्टाप हाये? म्हून भाऊ नुसता पाय उचले. वाघोबाकडे पाठ अन् बांधीकडे तोंड!"

आता भैयाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पहाटे निघायचं आणि बायको झोपल्यावर परतायचं, अशी ती ड्युटी. दिवसाउजेडी रंभा दिसायची ती इथेच, गाडी हळू होऊन पुढे जाईपर्यंत. पहिल्या कंडक्टरने हटकलं तेव्हा त्यांनी वाघोबाचं नाव पुढे केलं, आणि सांगता सांगता पुढे ते त्यांनाच खरं वाटू लागलं. बांधी विकून घर सावलीला आलं, तरी पाय उचलायची सवय सुटली नाही.

"माफ कर बाप्पा," ते हात जोडून पुटपुटले. "तुह्या नावावर खपवलं."

"मले मालूम होतं," रंभाबाई म्हणाल्या.

"तुले? कसं?"

"समद्या बाया तिकडं मांगं, झाडाजवळच्या बांधीत राह्यच्या. मी एकटी सडकेच्या कडेच्या धुऱ्यावर, बांधावर, उन्हात काऊन राह्यत होती? हॉर्न वाजला का समजे, गाडी बराबर हाये, मानूस बराबर हाये. मंग दिवस जाये."

भैयाजींनी उगाच गुडघा चोळला.

प्रफुलने खिशातली चावी काढली, थोडा वेळ नुसतीच खेळवली आणि आईच्या हातात ठेवली. "तुझ्याजवळ ठेव. तू बाजूला बसल्याशिवाय ही गाडी निघणार नाही. आणि जंगलात क्रूझ लावलं, तर चावी नागपूरला."

"म्हंजे मी कुठीबी गेलो तरी हे संग?" भैयाजींनी चेहरा शक्य तितका पाडून विचारलं.

"शिक्षा आहे," प्रफुल म्हणाला.

रंभाबाईंनी चावीला पदराची गाठ मारली. मग गाडीत बसल्यावर ती गाठ सोडायला त्यांनी मुद्दाम बराच वेळ घेतला. जंगल संपलं, पुढे सरळ, कोरडा, मोकळा रस्ता दिसू लागला, तशी मागून परीक्षकाने परवानगी दिली, "बाबा, आता लावा क्रूझ. गुडघ्याला आराम पडेल."

"राहू दे," भैयाजी म्हणाले, आणि दुखऱ्या पायानेच त्यांनी वेग चाळीसवर आणला. "आज काई घाई नाई."