मोजल्याबिगर न वाढणारे मेश्राम

नागपुरात सीताबर्डीवर भर दुपारी एखादा सभ्य माणूस शिडीवर उभा राहून, लोखंडी डब्याला कान लावून, डोळे मिटलेला दिसला, की समजावं, ते आमचे मेश्राम. मी एका कारखान्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचो. त्याच कारखान्यात मेश्राम निऑनच्या पाट्यांना वीज जोडायचे. काचेच्या बारीक नळ्यांना कोणता ट्रान्सफॉर्मर लावायचा, हे तेच ठरवत. त्यात मालकाचंही चालत नसे.

खालून गिऱ्हाईक बोलू लागलं की म्हणत, "चूप बसा नं जरा. मी ऐकून राहिलो."

ट्रान्सफॉर्मरचा डबा गुणगुणला तर पास, कुरकुरला तर परत.

खिशात फुटाफुटावर गाठी मारलेला दोरा असे. त्यानं ते अक्षरांची वळणं, म्हणजे नळीची लांबी, मोजत. 'क्ष' आला की खूश. 'ग'ला ते आळशी अक्षर म्हणत.

एक कापडवाला म्हणाला, "सगळ्यात मोठा ट्रान्सफॉर्मर लावा. दुकान चमकलं पाहिजे."

"पाहुण्याले दहा पोळ्या कोंबता काय तुम्ही? नळी जळते मंग. कमी देलं तर मिचमिच करते. बारीक नळीले भूक जास्त. मी मोजल्याबिगर वाढत नाही."

कापडवाला दुसरीकडे गेला आणि महिन्याभरात टोकं काळी पडलेली पाटी घेऊन परत आला. मेश्रामांनी फक्त दोरा काढला. छाती मात्र माझी फुगली.

मग नंदनवन वस्तीतल्या एका प्रसूतिगृहाचं काम आलं. पाटी दोनच ओळींची, एक ट्रान्सफॉर्मर पुरला असता. मेश्रामांनी दोन ओळींना दोन लावले.

"दोन काहून?" मी विचारलं.

"एक गेला तर दुसरी ओळ पेटत राहील."

"तुम्ही निवडलेला जाईल कशाला?"

"माझंबी चुकू शकते." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. तार आवळता आवळता ते म्हणाले, "आमची पहिली वेळ होती. राती रिक्षात घेऊन निघालो बायकोले. दवाखान्याची पाटी बंद. दोनदा समोरून गेलो, दिसलाच नाही मले. ती वाचली. पोरगी नाही वाचली."

त्या हिवाळ्यात प्रसूतिगृहाच्या पाटीची खालची ओळ खरंच बंद पडली. डॉक्टरीणबाईंनी निरोप धाडला, सवडीनं या, वरच्या ओळीवर भागतंय. मेश्राम जेवण अर्धं टाकून निघाले. मी शिडी धरायला गेलो.

काम चालू असताना एक जोडपं बाळ घेऊन दाराबाहेर आलं.

"काय झालं?" मेश्रामांनी वरून विचारलं.

"पोरगी झाली काका," नवरा म्हणाला.

"येताना दवाखाना सापडला नं लवकर?"

"हो. दुरूनच दिसला."

शेवटची तार आवळून मेश्राम खाली उतरले. रुमालानं हात पुसले, तरी बाळाला हात लावला नाही. नुसते वाकून पाहत राहिले. ते लोक गेल्यावर पुन्हा शिडी चढले. वर काही काम उरलं नव्हतं. मी शिडी धरून उभा राहिलो.