नापसंत नायिका

दुपारी एक वाजता दातांच्या दवाखान्याचं दार बंद झालं की मागच्या खोलीत दादांचं शूटिंग सुरू व्हायचं. दादा म्हणजे डॉक्टरीणबाईंचे थोरले भाऊ. पुढच्या खोलीत बाई दात काढायच्या आणि मागच्या खोलीत दादा दात बनवायचे. शाळेत वहीच्या कोपऱ्यांत पळणारी माणसं काढून ती फरफर उलटवणारा हा मुलगा पुढे तीस वर्षं कवळ्या करत राहिला. पण मरण्याआधी एक ॲनिमेशनचा सिनेमा करायचा, हे त्याच्या डोक्यातून काही गेलं नाही.

बजेट विचाराल तर शून्य. पण दादांचं अडलं नाही. साच्यांच्या उरलेल्या प्लास्टरचं त्यांनी शहर उभारलं, गुलाबी मेणाच्या टेकड्या केल्या आणि मोबाइल चिकटपट्टीने दिव्याच्या दांडीला बांधला. नायिकाही फुकटात मिळाली. ती होती एका गिऱ्हाइकाने नापसंत केलेली कवळी. एका सेकंदाला बारा फोटो, प्रत्येक फोटोआधी कवळी केसभर सरकवायची, असं जेवणाची सुट्टी मारून सलग अकरा आठवडे. करून बघा एकदा, म्हणजे कळेल.

सिनेमाची गोष्ट साधी होती. कुणालाच नको असलेली एक कवळी तोंड शोधत दवाखानाभर फिरते. ड्रॉवरमध्ये डोकावते, कचऱ्याच्या डब्यात पडते, बेसिन ओलांडते. शेवटी तिला तोंड मिळतं आणि ती हसते. हे हसणं तेवढं राहिलं होतं. आठ सेकंद, म्हणजे शहाण्णव फोटो. ज्या स्पर्धेला सिनेमा पाठवायचा होता, तिची मुदत शनिवारी संपत होती आणि आज मंगळवार होता.

कवळी नापसंत करणारे गृहस्थ म्हणजे पासपोर्टकाका. अडतीस वर्षं त्यांनी पासपोर्टचे फोटो काढले होते. मान सरळ, खांदे सरळ, हलू नका, हसू नका! अशा माणसाला समोरचा एक दात जरासा बाजूला झुकलेला कसा चालणार?

"दात कसे ओळीत पाहिजेत," काका म्हणाले होते.

"थोडा वाकडा असला की खरा वाटतो, काका."

"मला खरा नको, सरळ पाहिजे."

दादांनी त्याच साच्यावर दुसरी, पट्टीने आखल्यासारखी कवळी केली. तीच आज बसवायची होती. पण बेसिनच्या दृश्यातले दोन फोटो पुन्हा घ्यायला होडी हवी होती, म्हणून दादांनी काकांच्या नावाची चिठ्ठी लावलेला ट्रे घेतला, सरळ कवळी काढून फळीवर ठेवली आणि नायिकेला त्या होडीत बसवून फोटो उरकले. मग हाताला लागलेलं मेण धुवायला गेले.

काका नेहमीप्रमाणे पंधरा मिनिटं आधीच आले. बाईंनी चिठ्ठी वाचून ट्रे उचलला, कवळी नियमाप्रमाणे घासूनपुसून, औषधात बुडवून स्वच्छ केली आणि काकांच्या तोंडात बसवली. कवळी अशी चपखल बसली, की काका चष्मा शोधायलाही न थांबता खूश होऊन घरी गेले.

"माझी नायिका कुठे गेली?" दादा ओल्या हातांनी ओरडले.

बाईंनी फळीवरची कवळी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "दादा, अरे माणसाच्या तोंडात नटी पाठवलीस तू!"

"मी कुठे पाठवली? तू बसवलीस!"

"आत्ताच्या आत्ता जा आणि बदलून आण. आणि ती बेसिनमध्ये फिरत होती, हे बोलू नकोस!"

दादा सरळ कवळी घेऊन काकांच्या घरी पोचले. दार काकूंनी उघडलं. त्या इतक्या आनंदात होत्या, की दादांनी हातातली कवळी खिशात लपवली.

"काय जादू केलीत हो! लग्नात यांचा हाच दात असा बाजूला होता. कित्येक वर्षांनी मला माझा माणूस दिसला."

मागे काका आरशासमोर उभे होते, चेहरा लांब. "वाकडाय. मला दिसतंय, आंधळा नाही मी."

"मग बदलून देतो की!" दादा घाईघाईने म्हणाले.

"खबरदार!" काका हळूच म्हणाले. "घरी आल्यापासून तिसऱ्यांदा बघतेय ती माझ्याकडे. आता ही कवळी निघायची नाही."

दादा मटकन खुर्चीत बसले. अकरा आठवडे डोळ्यांसमोरून गेले आणि खोटं बोलायचं त्राणच उरलं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं आणि मोबाइल पुढे केला.

काकांनी चष्मा लावला. पडद्यावर त्यांचे स्वतःचे दात कचऱ्याच्या डब्यातून वर चढत होते.

"डबा नवा होता, काका," दादा पुटपुटले. "आणि बहिणीने औषधात बुडवली होती. दोनदा."

काकू आतून पाणी घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. सिनेमा संपला तेव्हा काकांनी घसा खाकरला.

"प्रकाश डावीकडून येतोय आणि सावलीपण डावीकडेच. असं कसं?"

"चुकलं."

"तीन ठिकाणी चुकलंय." काकांनी मोबाइल जवळ ओढला. "ते ड्रॉवरमधून डोकावते ना, ते परत लावा." त्यांनी ते चार वेळा पाहिलं. "मिळतं का हो हिला तोंड?"

"तेच तर राहिलंय. मेणाचं करणार होतो."

"मेणाचं कशाला? तोंड आहे की तिच्याभोवती!"

बुधवारी दुपारी काकांचा बंद पडलेला स्टुडिओ उघडला. निळ्या पडद्यापुढच्या ज्या स्टुलावर अर्धं गाव ताठ बसून गेलं होतं, त्यावर आता काका बसले. दिवे त्यांनी स्वतः लावले. दादा कॅमेऱ्यामागे गेले आणि ओशाळत म्हणाले, "काका, हलू नका."

तोंड दर फोटोला तांदळाच्या दाण्याइतकं उघडायचं होतं. एकसष्टाव्या फोटोला काका शिंकले. पुन्हा पहिल्यापासून. गुरुवारी मान अवघडली. तरी तक्रार म्हणून नाही! हट्टाला हट्ट भेटला होता, आणि अशी जोडी पाहायलाही भाग्य लागतं.

शुक्रवारी चौऱ्याऐंशी फोटो झाले आणि गाडी अडली. काकांना हसता येईना. दात दिसत होते, पण चेहरा पासपोर्टचाच.

"अहो, जमत नाही मला," काका रडकुंडीला आले. "जन्मभर लोकांना नको नको म्हटलंय."

तेव्हा काकू कॅमेऱ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि काकांच्याच करड्या आवाजात म्हणाल्या, "बाई, मान सरळ. हसू नका. सात फोटो बिघडवलेत तुम्ही माझे!"

हे काका त्यांना पहिल्या भेटीत म्हणाले होते, याच स्टुडिओत. काका हसले. दादांचं बोट बटणावर नाचत राहिलं आणि शेवटचे बारा फोटो आपोआप मिळाले. प्रवेशिका शनिवारी सकाळी गेली.

दोन महिन्यांनी पत्र आलं. उत्तेजनार्थ बक्षीस! दादांनी ते स्टुडिओत मोठ्याने वाचलं. "शेवटच्या दृश्यातील म्हाताऱ्याचा बाहुला अप्रतिम घडवला आहे. सुरकुत्यांवरची मेहनत थक्क करते."

"बाहुला?" काका उडालेच.

"हसणे मात्र किंचित कृत्रिम वाटते."

"कृत्रिम?" आता काकू उडाल्या.

"दात..." दादांनी पत्र डोळ्यांजवळ नेलं. "दात अगदी खरे वाटतात."

ते वाक्य दादांनी पुन्हा वाचलं, या वेळी मनात. त्यांच्या धंद्यात काम उत्तम झालं, की ते कुणाच्या लक्षातच येत नाही. तीस वर्षांत हे त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी खिशात रुमाल शोधला, तो नव्हता, म्हणून बाहीने डोळे पुसले.

"खाली काय लिहिलंय?" काकांनी पत्र ओढून घेतलं. "दिग्दर्शकाचा पासपोर्ट आकाराचा फोटो पाठवावा. बसा स्टुलावर!"

दादा बसले. काकांनी दिवे लावले, हनुवटी धरून दादांची मान सरळ केली, खांदे ओळीत आणले आणि कॅमेऱ्यामागे गेले.

"हलू नका," ते म्हणाले. मग थोडा वेळ घुटमळून म्हणाले, "हसा."

सात फोटो बिघडले.