उस्मानभाईंच्या गिरणीचा नियम

उस्मानभाई कुणाच्याही घरी गेले की पाणी मागत नाहीत. चपला काढायच्या आत विचारतात, "संडास कुठंय?" मग आत जातात, कडी लावतात आणि चांगले सावकाश बाहेर येतात. "वापरून बघितल्याबिगर पास करायचं न्हाई," हे त्यांचं तत्त्व. एका सकाळी तीन-चार घरांची तपासणी ते कशी उरकतात, हे त्यांच्या पोटालाच ठाऊक.

निमगाव साव्याजवळच्या आमच्या वाडीत त्यांची पिठाची गिरणी आहे. ज्याच्या घरचा संडास वापरात, त्याचं दळण आधी. बाकीच्यांनी डबा ठेवून ओट्यावर बसायचं. अनुदान घेऊन संडास सगळ्यांनीच बांधले होते, पण कुणाच्यात गोवऱ्या, कुणाच्यात कोंबड्या. ओट्यावर ताटकळून बायका वैतागल्या, त्यांनी घरी जाऊन नवऱ्यांना फैलावर घेतलं आणि कोंबड्या बाहेर आल्या.

अडला फक्त माझा शेजारी बबन. त्याच्या संडासात छतापर्यंत कांदा. त्याची म्हातारी आई, शांताआक्का, काठी टेकत अंधारात उसाकडे जायची. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, हे काय सांगायचं!

"कांदाचाळीत जागा न्हाई, राव," बबन उस्मानभाईंना म्हणाला.

"मग कांदा धाड उसात. आयेला कशाला धाडतो?"

बबन रुसला. दळण पार बेल्ह्याच्या गिरणीत न्यायला लागला. उस्मानभाई भांडले नाहीत, फक्त जाता-येता त्याच्या दारात थांबून विचारायचे, "कांद्याची तब्येत बरी हाये ना?" शेवटी बबनच कंटाळला. कांदा हलला, तपासणी झाली, बबन पास झाला.

त्या संध्याकाळी उस्मानभाई बबनचा पिठाचा डबा स्वतः खांद्यावर घेऊन आले. मीही तिथेच होतो. आक्का जेवत होती. अर्धी भाकरी खाऊन तिने उरलेली बाजूला सारली.

"खा की, आक्का," उस्मानभाई म्हणाले.

"बास बाबा. सवय पडलीय. रातचं लई खाल्लं की बाहेर जावं लागतं."

उस्मानभाई उंबऱ्यावर बसले. "आमची आम्मा बी अर्धीच खायची. आमाला वाटायचं, म्हातारीला भूकच न्हाई. ती गेल्यावर भनीनं सांगितलं. घरची गिरणी व्हती, आक्का."

आक्काने उरलेली भाकरी पुढे ओढली आणि कालवणात कुस्करली. तिचं ताट रिकामं होईपर्यंत उस्मानभाई उंबऱ्यावरून उठले नाहीत.