गुंडूतात्यांचं घरपोच आरोग्य

राजवर्धननं वडिलांसाठी घरपोच आरोग्याचं पॅकेज घेतलं, त्यात गुंडूतात्यांचा फायदाच फायदा होता. महिन्याला चार हजार पोराचे जाणार. तात्यांना बीपी-शुगरच्या गोळ्या दारात मिळणार, प्राची नावाची नर्स घरी येऊन बीपी मोजणार, आणि दर बुधवारी कसबा बावड्यातून सरकारी दवाखान्यापर्यंतची पायपीट वाचणार. रांगेतले चार तास वाचणार ते वेगळेच. राजवर्धन राहायला कराडला. दीड तासाचा रस्ता. पण तेवढी सवड नसल्यामुळं तो पैसे पाठवी. पैसे वेळेवर येत, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

पहिल्याच महिन्यात तात्यांचं बीपी दीडशेवर गेलं.

प्राचीनं आकडा कराडला कळवला. राजवर्धननं पॅकेज वाढवलं. आहार सांगणाऱ्या बाईंचा फोन येऊ लागला आणि तात्यांच्या ताटातून खर्डा, लोणचं उठून गेलं. बीपी एकशे साठ. मग व्यायाम शिकवणारा आला. आजवर दर बुधवारी दोन मैल चालणाऱ्या माणसाला त्यानं खुर्चीत बसवून हात वरखाली करायला लावले. एकशे अडुसष्ट. पैसे येतील तसा आकडा चढे, आणि आकडा चढेल तसे पैसे येत.

तात्यांना आपलं दुखणं ठाऊक होतं, पण ते कुठल्या पॅकेजात बसत नव्हतं. बुधवार उजाडला की ते आंघोळ करून, टोपी घालून कॉटवर बसून राहत. रांगेतल्या धोंडुबाईचं सुनेशी भांडण आता कुठवर आलं असेल, तिथल्याच आकारामची म्हैस व्याली असेल का, याचा विचार करत. एकदा फोनवर त्यांनी पोराला, येणार हायस का, असं विचारलंही.

"काय कमी पडतंय का तात्या?" राजवर्धन म्हणाला. "पाठवतो की."

तिसऱ्या महिन्यातल्या एका बुधवारी तात्यांनी दाराला कुलूप घातलं आणि गुपचूप दवाखाना गाठला. मोबाइल घरात कॉटवरच राहिला.

रांगेत त्यांना बघून धोंडुबाईनं डोळे बारीक केले. "आमाला वाटलं, तुम्ही गेलासा. चार माणसं हळहळली बी. तुमची जागा दुसऱ्याला दिली की."

आपल्या मरणाबद्दल चार माणसं हळहळली होती, हे ऐकून तात्यांना फार बरं वाटलं. आकारामनं चहा मागवला.

इकडं नऊ वाजता प्राची आली. दाराला कुलूप, आत मोबाइल वाजतोय. तिनं कराडला फोन लावला. राजवर्धननं शेजाऱ्यांना कुलूप फोडायला सांगितलं आणि गाडी काढली. कुलूप फुटल्यावर एका शेजारणीला आठवलं की आज बुधवार.

अकराच्या सुमारास राजवर्धन दवाखान्यात घुसला तो सरळ डॉक्टरांच्या दाराकडं. धोंडुबाईनं हात आडवा घातला. "ओ पावणं, मागं व्हा. हितं समद्यांचंच दुखतंय."

तात्यांचा नंबर सदतिसावा, चालू होता एकविसावा. एवढं थांबून आता निघायला तात्या तयार होईनात. राजवर्धन चिडून बाकावर बसला. मग तात्यांनी नातीचं विचारलं. नातीवरून गोष्ट तिच्या शाळेवर गेली, शाळेवरून घराच्या हप्त्यावर, आणि हप्त्यावरून राजवर्धनला रात्री झोप लागत नाही, इथवर आली. तात्या ऐकत राहिले. बापलेक दोन तास सलग कधी बोलले होते, ते दोघांनाही आठवलं नाही.

नंबर लागला. तात्यांचं बीपी भरलं एकशे बत्तीस. डॉक्टरांनी दोनदा मोजलं.

"आता ह्याचं बघा," दारातून धोंडुबाई म्हणाली. "मगाधरनं लालबुंद झालाय."

राजवर्धनचं निघालं एकशे सत्तर. डॉक्टर म्हणाले, एका दिवसावरून गोळी सुरू करत नाही, अजून तीन बुधवारी मोजून बघू. बीपी कराडातही मोजतात, हे तात्यांना माहीत होतं. तरी त्यांनी पोराचा केसपेपर आपल्या खिशात घातला.

"पुढच्या बुधवारी किती वाजता आलं की लवकर सुटतो?" गाडीत बसताना राजवर्धननं विचारलं.

आठाच्या आत, असं धोंडुबाई सांगणार, तोच तात्या घाईनं म्हणाले, "अकराला ये. त्याच्या आधी काय उपेग न्हाय."

तात्यांना घरी सोडून गाडी गेल्यावर त्यांनी हिशेब घातला. पॅकेजचे पैसे पोराचे गेले, कुलपाचे दोनशे आपले, गोळ्या सरकारच्या. राहिले तीन बुधवार. तेही पोरगाच भरणार होता.