शिंगणापुरात बोंबललेली मोटार

केडगावच्या रंगनाथरावांच्या मोटारीला चोर हात लावू शकणार नाही, ही गोष्ट चोर सोडून सगळ्यांना माहीत होती. कारण रंगनाथराव ती रोज कोणाला तरी धरून सांगत.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर, आणि टायर तर नवसानेही मिळत नव्हते. नगरात एका डॉक्टरांची मोटार सकाळी दगडांवर उभी सापडली, चाकं गायब. ते ऐकल्यापासून रंगनाथरावांच्या घशाखाली भाकरी उतरेना. जुनी का होईना, कांद्याच्या पैशातून घेतलेली मोटार होती. राखणीला माणूस ठेवला, तर तो मोटारीतच पाय ताणून घोरत पडला. कुत्रं आणलं, तर त्यानं गादी फाडली. शेवटी त्यांनी पुणे रस्त्यावरच्या सूर्यभान मिस्त्रीला गाठलं.

"विलायती घंटी येती, पर ती सायबालाच परवडती," मिस्त्री म्हणाला. "आपन तुमचाच भोंगा अन् तुमचीच ब्याटरी वापरू. खाली एक स्प्रिंग टाकतो. गाडीला हात लागून ती जरा हालली का भोंगा बोंबलंल. शीटाखालचा खटका वढला का जागा, दाबला का गप."

"स्वस्तात हुतंय न्हवं?"

"भंगारातली स्प्रिंग हाय. आजून किती स्वस्त करू?"

हे उत्तर रंगनाथरावांना फारच आवडलं. खरं तर तिथंच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

इकडे त्यांच्या लेकीचं, पुष्पावतीचं लग्न शिंगणापूरच्या सहादेव पाटलांच्या मुलाशी ठरत आलं होतं. जोडे झिजवून झिजवून मिळालेलं स्थळ. बारमाही विहीर, शिकलेला मुलगा, माणसं देवासारखी. फक्त सुपारी फुटायची बाकी होती. रंगनाथरावांनी साठवलेल्या कुपनांचं पेट्रोल भरलं, शेजारी बायकोला, गोजरबाईंना बसवलं आणि ऐटीत निघाले.

शिंगणापुरात घराला दार नसतं. चौकट असते, पण तिला फळ्या नाहीत, कडी नाही, कुलूप नाही. चोरी करणाऱ्याचं शनिदेव बघून घेतो, हा गावाचा विश्वास. रंगनाथरावांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण पाटलांच्या अंगणात उतरता उतरता सवयीनं त्यांच्या हातानं शीटाखालचा खटका ओढलाच.

"अवो, हितं कशापायी?" गोजरबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"असू दे. न्हाईतर समदा जीव हितंच ऱ्हायचा."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मोटार बघायला माणसं जमली होती, आणि माणसं जमली की रंगनाथरावांची जीभ सुटायची. "लांबनं बगा बरं का," ते म्हणाले. "चोराचा हात लागला का ही बोंबलती."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

आत चहा झाला, गप्पा झाल्या. ताटात सुपारी आली. पाटलांनी ती हातात घेतली, आणि बाहेर भोंगा सुरू झाला.

सगळे अंगणात धावले. मोटारीपुढे पाटलांच्या कारभारीण, आक्काबाई, हळदकुंकवाचं ताट घेऊन थिजून उभ्या होत्या. पाहुण्यांच्या वाहनाला कुंकू लावावं म्हणून मुलाची आई मोठ्या कौतुकानं गेली होती, आणि तिचं बोट टेकताच मोटार रेड्यासारखी ओरडायला लागली होती. रंगनाथरावांनी खटका दाबला, ओढला, त्यावर बुक्की मारली. भंगारातली स्प्रिंग अडकून बसली होती. ब्याटरी मरेपर्यंत भोंगा थांबला नाही, आणि तोवर सगळं गाव गोळा होऊन आक्काबाईंकडे बघत होतं.

भोंगा थांबल्यावर पाटील पुढे आले.

"पाव्हणं," पाटील म्हणाले, "ह्या गावात आमच्या बापजाद्यांनी कुलूप बगितलं न्हाई. अन् तुमी माझ्या दारात... दार न्हाईच म्हना, माझ्या अंगनात, माझ्या बायकूला चोर ठरवलं."

"न्हाई ओ इवाई, स्प्रिंग अडकली..."

"आदी इवाई तर व्हऊ द्या."

रंगनाथरावांना धरणीनं पोटात घ्यावंसं वाटलं. घरी पुष्पावती वाटेकडे डोळे लावून बसली असेल, आणि आपण तिच्या संसारावर भोंगा वाजवला. गोजरबाईंनी पदर पसरला. "इहीनबाई, ह्यांची अक्कल काढा, पर माझ्या पोरीचं वाडलेलं ताट वडू नका."

आक्काबाईंचे डोळे भरून आले होते. "पोरीवर राग न्हाई माझा. पर तुमचा आमच्यावर इस्वास न्हाई, त्याचं काय?"

"हाय की!" रंगनाथराव कळवळून ओरडले.

"मग तो भोंगा उपटा," पाटील म्हणाले, "अन् लगीन हुस्तवर मोटार हितंच ऱ्हाऊ द्या. उघडी. आत्ता फोडतो सुपारी."

रंगनाथरावांनी मोटारीच्या चाकांकडे पाहिलं. मग मान हलवली. सुपारी फुटली. पाटलांचाही राग निवळला, आणि परतीसाठी त्यांनी स्वतःची बैलगाडी दिली. तिला सगळ्या शिवारात नावाजलेली खिल्लारी जोडी. "पोटच्या पोरावानी जपलीया," ते म्हणाले. "परवा गड्यासंगं धाडून द्या."

दुसऱ्या दिवशी केडगावला पोचल्यावर रंगनाथरावांनी बैल अंगणात बांधले आणि ओसरीवर बसून ते मोटारीचा घोर करत राहिले. टायर असतील का, गादीवर कोंबड्या बसल्या असतील का. बैलांच्या राखणीला कोणी बसवावं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

सकाळी अंगणात कापलेले कासरे होते आणि जू जमिनीला टेकवून एकटी गाडी होती.

पुष्पावती दारात येऊन उभी राहिली. "आबा, त्यांची बैलं?"

रंगनाथराव मटकन पायरीवर बसले. "कोन्त्या तोंडानं जाऊ गं आता शिंगणापूरला? मोडलं समदं."

गोजरबाईंनी कापलेला कासरा उचलून गुंडाळला. मग म्हणाल्या, "उठा. जा अन् पाय धरा त्यांचं. म्हनावं, बैलं गेली, आता मोटार तुमालाच ठिवा. पोरगी तेवढी पदरात घ्या."

रंगनाथरावांनी लेकीकडे पाहिलं, डोळे पुसले, आणि उठता उठता त्यांच्या तोंडून निघून गेलंच, "घेतील गं ते. पर चारी टायर शाबूत हायेत त्या मोटारीचं."