एकमताने बंद झालेलं पाणी

जिथे एकमत असतं तिथे भांडण नसतं, आणि जिथे भांडण नसतं तिथे प्रगती होते. त्र्याऐंशी साली बोरीवलीतली आमची सोसायटी अशीच प्रगती करत होती. चेअरमन काशीरामभाऊ. (आता तसे चेअरमन होत नाहीत.) दरवर्षी हात वर करून त्यांची बिनविरोध निवड होई, तेव्हा भाऊ एकेकाच्या हाताकडे प्रेमाने बघत. हजर सभासदांपैकी शंभर टक्के खूष असत. नाखूष सभासदाला हजर धरत नसत.

एका सभेत दुसऱ्या मजल्यावरचा शिवदास म्हणाला, "भाऊ, यंदा चिठ्ठ्या टाकून मतदान घेऊ या ना."

भाऊंना राग नाही आला, काळजी वाटली. सोसायटी म्हणजे कुटुंब. कुटुंबात कोणी चिठ्ठ्या टाकत नाही. म्हणजे शिवदास कुटुंबातला नाही. आणि टाकीतलं पाणी तर कुटुंबाचं! त्याच संध्याकाळी गच्चीवरचा, शिवदासच्या नळाचा कॉक बंद झाला. शिक्षा म्हणून नव्हे, त्याच्या संरक्षणासाठी. (पाणी नसलेल्या माणसावर लोक फारसे चिडत नाहीत.)

रविवारी शिवदासच्या मुलीचं बारसं होतं. त्याची बायको कमल तरातरा कमिटीपुढे आली.

"भाऊ, बोलले हे. पोरीने काय केलंय?"

"सभा चालू असताना रडली. कोणी शिकवलं तिला?"

"अहो, महिन्याचीसुद्धा नाही ती!"

"तेच म्हणतो मी. एवढ्यातच ही तऱ्हा!"

"मग दुपटी काय तुमच्या घरी आणून धुऊ?"

भाऊ हसले. मनाने मोठा माणूस. "शिवदासला म्हणावं, पाणी बंदच्या ठरावाला हात वर कर. एकमत झालं की झालं."

बारशासाठी शिवदासने हात वर केला. ठराव एकमताने पास झाला. आता एकमताने पास झालेला ठराव एका माणसासाठी मोडायचा तरी कसा? कॉक बंदच राहिला.

बारसं मात्र झकास झालं. शिवदासने कुठून तरी पिंपं भरून आणली होती. आम्ही सगळ्या नटूनथटून गेलो, पाळणा म्हटला, घुगऱ्या खाल्ल्या आणि हात धुवायला आपापल्या घरी आलो. शिवदासचा कॉक बंद झाल्यापासून आमच्याकडे पाणी कसं धो धो येई!

तुमच्या इमारतीत असलं काही चालत नाही, म्हणता? नळाला जोर चांगला आहे ना? मग नसेलच चालत.