आत्याला मत पाहिजे

माझी सुमनआत्या मागच्या हिवाळ्यात पिंपळीत घरोघर मत मागत फिरायला लागली, तेव्हा सरपंचांना घाम फुटला. निवडणुकीला अजून अवकाश होता. तरी ते संध्याकाळी स्वतः आत्याच्या दारात आले, चहा घेतला, पेरूच्या बागेची चौकशी केली आणि शेवटी न राहवून म्हणाले, "सुमनबाई, कुठल्या वॉर्डातून उभं राहायचा इचार हाय?"

"वॉर्ड कसला?" आत्या म्हणाली. "मी पिक्चरवर मत मागतीया. तुमची खुर्ची तुमालाच लखलाभ. तुमी बघितला का पिक्चर?"

सरपंचांनी सुटकेचा श्वास सोडला. तो जरा लवकरच सोडला, कारण पुढच्या चार दिवसांत त्यांना अख्खा पिक्चर बघावा लागला.

पिक्चर अमेरिकेतला. जुना, आम्ही शाळेत असताना आलेला. दिवाळीला पुण्याहून आलेल्या नातीनं तो आजीला हिंदीतून दाखवला आणि सांगितलं, "आजी, हा क्लासिक आहे." गोष्ट साधी आहे. एका हायस्कुलात चष्मेवाली मुलगी नव्यानं येते. तिचे कपडे, तिचं बोलणं, सगळ्यालाच बाकीच्या पोरी हसतात. मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी कुणी बसत नाही. मग बऱ्याच गमतीजमती होतात, नाटकाचा पडदा हेडमास्तरांच्या डोक्यावर पडतो आणि शेवटी सगळे मिळून नाचतात. नात परत गेली, पिक्चर आत्याच्या डोक्यात राहिला. त्याचं इंग्रजी नाव तिच्या जिभेला वळेना, म्हणून ती त्याला 'मधल्या सुट्टीचा पिक्चर' म्हणायची.

माझं बारामतीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आत्यानं तिथं येऊन फरमान काढलं, "दत्ता, ह्यो पिक्चर लोकांच्या फोनात कसा लावायचा ते मला शिकीव." मी शिकवलं. ते माझं चुकलंच.

नुसतं बघून भागायचं नाही, मत द्यावं लागायचं. 'छान आहे' हे मत आत्याला चालत नसे. "छान म्हंजी काय? पेरूला बी छान म्हणत्यात. नीट सांग." बागेत माल बघायला आलेला व्यापारी घाईघाईनं म्हणाला, "पोरगी चांगली हाय." आत्या कडाडली, "तुला पोरगी बघायला न्हवतं सांगितलं, पिक्चर बघायला सांगितलेला." त्याला पुन्हा बघायला लावला. आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या मामांनी, तो तीनदा बघितला आणि तिन्ही वेळा पहिल्या पंधरा मिनिटांत झोपले. "सुरुवात झकास हाय," एवढं मत त्यांनी प्रामाणिकपणे दिलं. आत्यानं तेवढं धरलं. खोटं बोलले नाहीत म्हणून.

गावातल्या निवृत्त गुरुजींचं मत मात्र सविस्तर होतं. "या शाळेत गणवेश नाही, प्रार्थना नाही. विद्यार्थी शिक्षकांसमोर बाकावर पाय टाकून बसतात. शिस्तीचा संपूर्ण अभाव आहे."

"तुमच्या शाळंत शिस्त व्हती न्हवं?" आत्यानं विचारलं.

"कडक."

"मग मधल्या सुट्टीत तुमी कुठं असायचा?"

"शिक्षकांच्या खोलीत. चहाला."

"मग तुमाला काय ठावं, गुरुजी," आत्या म्हणाली आणि उठून गेली. गुरुजी बराच वेळ चष्मा पुसत बसले.

शेजारची सून एका भलत्याच ठिकाणी रडली. पिक्चरमधली जेवण वाढणारी बाई त्या मुलीच्या ताटात गुपचूप एक पाव जास्त ठेवते, तिथं. त्या जागी दुसरं कुणी रडलं नव्हतं. "ह्याला म्हणत्यात मत," आत्या म्हणाली आणि त्या सुनेला पाटीभर पेरू पाठवले.

मग तिच्या डोक्यात आलं की हा पिक्चर शाळेतल्या पोरींना दाखवायचा. मोठ्या पडद्यावर, सगळ्यांना एकदम. मुख्याध्यापिका बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "पण त्यात तो एक... तसला सीन आहे ना?"

"केवढा हाय?" आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी फोनवर मोजला. अकरा सेकंद.

"अकरा सेकंद मी बघते," आत्या म्हणाली.

बाईंनी समितीला विचारावं लागेल म्हणून सांगितलं. समितीत पाच जण. आत्या पाचही जणांच्या घरी गेली. एक जण शेतात लपला, तर ती बांधावर जाऊन उभी राहिली. आठ दिवसांत परवानगी मिळाली.

शनिवारी शाळा सुटल्यावर हॉलच्या खिडक्यांना चादरी बांधल्या. पोरी सतरंजीवर, त्यांच्या आया भिंतीला टेकून. प्रोजेक्टर मी आणला होता. पिक्चर रंगला. पोरी पोट धरधरून हसत होत्या. तो सीन जवळ आला तशी मी खूण केली. आत्या पहिल्या रांगेतून उठली, पदर खोचला आणि घरून आणलेलं भलंमोठं सूप दोन्ही हातांनी उंच धरून पडद्यापुढं उभी राहिली.

प्रोजेक्टर मागून उजेड टाकतो, हे तिला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. तो मुलगा आणि ती मुलगी दोघंही बरोबर सुपात उतरले आणि जे व्हायचं ते सुपातच झालं. हॉल नुसता फुटला. आया तोंडात पदर कोंबून हसत होत्या, मुख्याध्यापिका बाई खांबाआड गेल्या. आत्याला वाटलं, आपलं काम फत्ते झालं. अकरा सेकंद मोजून ती समाधानानं खाली बसली.

पिक्चर संपल्यावर मतं सुरू झाली. आत्यानं एकेका पोरीला उभं केलं. कुणाला पडदा पडलेला आवडला, कुणाला नाच. कोपऱ्यात बसलेली आठवीतली एक मुलगी उठली. जरा चाचरत म्हणाली, "ज्या पोरी तिच्यापासून लांब बसायच्या, त्यास्नी नंतर कसं वाटलं, ते दाखवलंच न्हाय."

मला वाटलं, आत्या आता हिला पाटीभर पेरू जाहीर करणार. पण पुढच्या पोरीला उठवायला पुढं केलेला आत्याचा हात तसाच राहिला. मग म्हणाली, "बरं. जावा आता घरी." अजून पंधरा-वीस पोरींची मतं राहिली होती.

त्यानंतर आत्यानं कुणाला मत विचारलं नाही. मामांनी मला फोन करून सांगितलं, "दत्ता, तुझी आत्या गप हाय रं. दवाखान्यात दाखवावं का?"

सोमवारी सकाळी ती माझ्या दुकानात हजर. अंगावर ठेवणीतलं लुगडं. "भिगवणला चल."

शेजारच्या दुकानदाराला लक्ष ठेवायला सांगून मी गाडी काढली. आत्या मागं एका बाजूला पाय सोडून बसली. आमचं मूळ गाव भिगवणच्या जवळ, तिची शाळाही तिकडचीच. मला वाटलं, कुणी नातेवाईक आजारी असेल. अर्धा रस्ता गेल्यावर ती माझ्या पाठीशी बोलायला लागली.

"आठवीत आमच्या वर्गात कौसल्या म्हणून पोरगी आली. धरणाचं पाणी नुकतंच भरलेलं. तिचा बाप पाण्यात जाळं टाकायचा. तिच्या डब्यात मासा असायचा. आपलं घर माळकरी. ती माझ्याशेजारी येऊन बसली, तर मी डबा उचलला आन् लांब जाऊन बसले. 'वास येतो' म्हणाले. मोठ्यांदा म्हणाले. मग सगळ्याच पोरी उठल्या. दिवाळीनंतर ती शाळंत आलीच न्हाय."

"लहान होतीस, आत्या."

"लहान व्हते. आता न्हाय ना." थोडं थांबून म्हणाली, "ती भिगवणला खानावळ चालवती, हे मला वीस वर्सं ठावं हाय. एसटी तितं थांबली की मी खिडकीकडं पाठ करून बसते."

खानावळीत दुपारची गर्दी होती. चुलीपाशी एक जाडजूड, पांढऱ्या केसांची बाई तव्यावर मासे परतत होती. आमच्याकडं न बघताच म्हणाली, "बसा. चिलापी ताजी हाय."

"मी सुमन," आत्या म्हणाली. "आठवीतली."

बाईनं मान वर केली. बराच वेळ बघितलं. मग तव्यावरचा मासा उलटला.

"वास येतो म्हणलेली, ती," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. नुसती ओळख पटल्यासारखी.

"व्हय. चुकलं माझं, कौसल्या. लई चुकलं."

गिऱ्हाईकं बघायला लागली. आत्यानं त्यांच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. हात जोडले नाहीत, डोळ्याला पदर लावला नाही. नुसती ताठ उभी राहिली, उत्तर घेतल्याशिवाय न जाणाऱ्या माणसासारखी.

"शाळा त्यापायी न्हाय सोडली म्या," कौसल्याबाई म्हणाल्या. "आय आजारी पडली, घरचं करायला कुणी न्हवतं." मासे ताटात काढले, सुनेच्या हाती दिले. "पर त्या दिसापासनं डबा न्हेला न्हाय. पाणी पिऊन यायची."



कौसल्याबाईंनी कपाळावरचा घाम दंडाला पुसला. आत्याच्या गळ्यातली माळ बघितली. "माळ हाय तुला. पिठलं टाकू?"

"टाक," आत्या म्हणाली.

पिठलं झालं, भाकरी आली. कौसल्याबाई बसल्या नाहीत, त्यांना कामं होती. पण येता-जाता त्यांनी दोनदा न विचारता भाकरी वाढली. पोरं किती, विचारलं. गुडघे दुखतात का, विचारलं. निघताना 'ये परत' म्हणाल्या नाहीत. नुसती मान हलवली.

परतीच्या रस्त्याला बारामती दिसायला लागली. तेव्हा आत्या म्हणाली, "दत्ता, तिनं माफ केलं का रं मला?"

"ठाऊक नाही, आत्या."

"मला बी न्हाय." जरा वेळानं तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या सोमवारी परत जाऊ. तुझ्या दुकानात सोमवारी काम कमी असतं का?"

सोमवारी माझ्या दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असते.

"असतं," मी म्हणालो.